आडवी बाटली जिंकूनही हरते कशी?

बारा-तेरा वर्षं झाली. एका गावात दारूदुकानाच्या मतदानाची बातमी करायला गेलो होतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मोजणीत आडवीचा गठ्ठा उभीपेक्षा कितीतरी मोठा. बायकांनी गुलाल काढला. तेवढ्यात साहेबांनी सांगितलं, दुकान चालूच राहणार!

हे समजायला जरा मागं जावं लागतं.

१८७८ ला इंग्रजांनी मुंबई अबकारी कायदा आणला. गाळणं, विकणं, ताडीचं झाड, सगळ्यावर सरकारचा ताबा आणि कर. १८९२ ला मोहाचा कायदा आला. ठाणे-कुलाब्याकडं मोहाची फुलं जवळ ठेवण्यावरच बंधनं. म्हणजे दारातल्या झाडाचं फूल गुन्हा आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर. हेतू दारू कमी करण्याचा नव्हता, महसुलाचा होता.

१९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि लगतच्या ठाणे भागातल्या आदिवासींनी देवीच्या नावानं स्वतःहून दारू सोडली. गुत्तेवाल्यांचा धंदा बसला. लोकांनी ठरवलं तर काय होतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजीभाईंचा आग्रह होता. बंदी आली आणि हातभट्ट्या फोफावल्या. १९६० च्या दशकात सरकारनं बंदी सैल केली. पण कायदा रद्द केला नाही, त्याला परवान्याची खिडकी पाडली. बारच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ लिहितात ते त्यामुळंच. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना आपल्यापैकी किती जणांनी कधी मागितलाय, हे ज्याचं त्यानं मनात म्हणावं!

आजही आपण त्याच कायद्याखाली आहोत. नाव दारूबंदीचं, काम तिजोरी भरण्याचं.

आता त्या गावाकडं येऊ. २००८ च्या आदेशानं गावाला दुकान बंद करायचा हक्क दिला. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान. पण आडव्या बाटलीला मतं हवीत यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. झालेल्या मतदानाच्या नाही. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, सासरी गेलेली, वारलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला. हाच नियम आमदारकीला लावला तर विधानसभेत किती जण बसतील?

कायदा बदलायचाच असेल तर माझ्या मते तीन गोष्टी धराव्यात.

एक, जे मतदान करतील त्यांचंच बहुमत मोजा.

दोन, परवान्याचं नूतनीकरण करताना गावाला विचारा. सह्या गोळा करायचं ओझं दरवेळी बायकांवरच का?

तीन, जो महसूल मोजतो त्याच खात्याकडं आळा घालायचं काम ठेवू नका.

सरसकट बंदी मागत नाहीये मी. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली, ते आपण पाहिलंय. म्हणणं एवढंच, की ज्यांच्या घरात दारूचं भांडण जातं त्यांचं मत नीट मोजा.

त्या दिवशी गुलाल लागलेली एक मावशी मला म्हणाली, “दादा, मग आम्हाला विचारलंच कशाला?” बातमीत मी आकडे दिले. तिच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर देता आलेलं नाही.

तुमच्या गावात असं मतदान झालंय का? काय झालं, जरूर लिहा.