पठारावर जाण्याआधी

नकाशावर बोट ठेवा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा वायव्य कोपरा, व्हाइट नदी जिथून निघते तिथलं पठार. नाव फ्लॅट टॉप्स. नावाप्रमाणे माथा सपाट, कडे मात्र काळ्या कातळाचे आणि सरळ तुटलेले, आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या गडासारखे. उंची मात्र कळसूबाईच्या दुप्पट. नकाशात हिरवा रंग दिसतो ते राष्ट्रीय वन, पिवळी ती केंद्र सरकारची मोकळी जमीन, पांढरं ते खासगी. तुम्हाला हिरव्यात जायचंय. ऑक्टोबरचा शेवट, सावज एल्क. आपल्या सांबराचा हा थोरला भाऊबंद, पुरा वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो.

शिकार म्हटलं की आपल्या मनात १९७२ चा कायदा आणि पाठोपाठ पोलीसठाणं येतं, ते योग्यच आहे. इथे गोष्ट वेगळी आहे. इथे परवाना काढून, कायद्याच्या चौकटीत, कोणीही सामान्य माणूस सरकारी डोंगरावर शिकारीला जाऊ शकतो. तयारीला लागलेला नवखा आधी रायफलीची चौकशी करतो. तुम्ही ते राहू द्या. आधी या डोंगरावर जाऊन या, पण आजच्या नाही.

१८८७, ऑगस्ट. नदीकाठच्या अ‍ॅस्पेनच्या झाडीत उतरा. धुराचा वास येतोय, ओल्या लाकडाचा. काठ्यांच्या मांडवावर हरणाच्या मांसाच्या लांब पट्ट्या वाळत घातल्यात. एक म्हातारी ताणून बांधलेलं कातडं हाडाच्या धारेने खरवडते आहे. शेजारच्या भांड्यात त्याच जनावराचा मेंदू कालवून ठेवलाय, तो चोळला की कातडं फडक्यासारखं मऊ होतं. ही युट माणसं आहेत. यांच्याकडे शिकारीचं नियोजन कागदावर नाही. बर्फ वितळत वर सरकलं की हरणांमागे वर जायचं, पहिल्या हिमाच्या आत खाली यायचं, वाळवलेलं मांस हिवाळाभर पुरवायचं. कोणत्या खिंडीतून कळप उतरतो हे आजीला ठाऊक, म्हणून नातवाला ठाऊक.

पण आता ती इथे पाहुणी ठरली आहेत, स्वतःच्याच घरात. आठ वर्षांपूर्वी नेथन मीकर नावाच्या सरकारी एजंटाने त्यांना शेतकरी करण्याच्या हट्टापायी घोड्यांच्या चराऊ कुरणावर नांगर फिरवला. त्यातून भडका उडाला, मीकर आणि त्याची माणसं मारली गेली आणि १८८१ मध्ये व्हाइट नदीकाठच्या सगळ्या युटांना युटाह प्रांतात हाकलण्यात आलं. तरी उन्हाळा आला की ती परत येतात. शिकारीचा आपला हक्क कोणी काढून घेतलाय असं त्यांना वाटतच नाही. या वर्षी मात्र राज्याचा वन्यजीव रखवालदार शिकारीचा कायदा घेऊन येतो. त्याच्यामागून शेरीफची हत्यारबंद टोळी, तिच्यामागून राज्याची फौज. कोलोरो हा त्यांचा वयोवृद्ध म्होरक्या माणसं घेऊन पश्चिमेकडे निघतो. गोळीबार होतो. मेंढ्या, घोडे मागे राहतात. मांडवावरचं मांसही.

ही जमीन ‘सार्वजनिक’ झाली ती अशी. मला हे सांगितल्याशिवाय तुम्हाला रायफल हातात द्यायची नाही. हिरव्या रंगाखाली ही माणसं आहेत. त्यांचे वंशज आज युटाह आणि कोलोरॅडोत आपापल्या राखीव प्रदेशांत राहतात.

चार वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८९१ ला, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन एका घोषणेने हे पठार राखीव करतात. यलोस्टोनलगतच्या पट्ट्यानंतर देशातलं हे दुसरंच राखीव वन. आपल्याकडे दाजीपूरचं रान टिकलं, कारण ते कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, पुढे १९५८ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. इथे राजा नव्हता. रान राखायचं तर ते सगळ्यांच्या नावावर लावावं लागलं.

आता १९०५ चा एप्रिल. ग्लेनवूड स्प्रिंग्जच्या स्टेशनावर उतरा. गावात तारांची धांदल उडालीये, कारण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट जवळच्या डोंगरात कुत्र्यांचा ताफा घेऊन अस्वलाच्या शिकारीला गेले आहेत आणि त्यांचा सचिव हॉटेल कोलोरॅडोमधून सरकार चालवतो आहे. त्यांच्या मागे जाऊ नका. तुम्ही उत्तरेला, पठारावर चढा.

बर्फ अजून गुडघाभर आहे. चालता चालता तुमच्या लक्षात येतं की कानांवर काही पडत नाहीये. लेंड्या नाहीत. सालं खरवडलेली अ‍ॅस्पेनची झाडं दिसतात, पण ते ओरखडे जुने, काळे पडलेले. दुपारी एका स्प्रूसखाली एक एल्क सापडतो. अख्खा. मांस कोणी नेलेलं नाही, शिंगंही नाहीत नेलेली. वाका आणि ओठ वर करून बघा. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे. तिथे सुळ्यांच्या जागी दोन गोल दात असतात, अंगठ्याच्या टोकाएवढे, हस्तिदंतासारखे गुळगुळीत, मधोमध तपकिरी झाक असलेले. एका बंधुसंघाचे सभासद ते सोन्यात मढवून घड्याळाच्या साखळीला लावतात, त्यामुळे दाताला चांगला भाव आहे. तेवढ्यासाठी तीनशे किलोचं जनावर पडलं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं खाणींच्या गावांतल्या खाटकांनी गाड्या भरभरून मांस उतरवलं होतं. कोटीच्या घरात असलेला प्राणी देशात लाखाच्याही खाली आला, कोलोरॅडोत तर जेमतेम हजारभर उरला असेल.

या काळातलं शिकारीचं नियोजन एका ओळीचं आहे: शिकार करायची नाही. १९०३ पासून राज्याने एल्कची शिकार बंद केली, ती १९२९ पर्यंत उघडली नाही. बंदी आली तेव्हा विशीत असलेला एखादा शिकारी पुन्हा रायफल खांद्याला लावेपर्यंत पंचेचाळिशी ओलांडून गेला. त्याने काय केलं असेल त्या वर्षांत? खिडकीतून डोंगर बघितला असेल. मधल्या काळात, १९१२ पासून, वायोमिंगच्या जॅक्सन होलमधून एल्क पकडून आगगाडीने आणि पुढे घोडागाडीने कोलोरॅडोत आणले गेले. पिंजऱ्याची फळी सरकते, एक मादी उडी घेते, पाय अडखळतात, मग ती उतारावर चढू लागते आणि मागे वळून बघत नाही. उद्या तुम्हाला जो कळप दिसेल त्यातल्या कित्येकांची पूर्वज ती असेल.

एक मुक्काम अजून. १९१९, ट्रॅपर्स लेक. वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या, पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या आराखडाकाराला तळ्याभोवती रस्ता आणि उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलंय. त्याच्या टेबलाशी उभे राहा. पेन्सिल टोकदार आहे, कागद ताणून बसवलाय. तळ्याकाठी उतरलेल्या दोन शिकाऱ्यांशी त्याची चर्चा होते, ते म्हणतात, ही जागा आहे तशी राहू दे. तो मोजमाप पूर्ण करतो आणि परत जाऊन वरिष्ठांना सांगतो की इथे काहीच बांधू नये. या पठाराच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं नियोजन मी यालाच म्हणेन. १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्सच्या सुमारे २ लाख ३५ हजार एकरांना कायमचं निर्जन अरण्य म्हणून संरक्षण मिळालं. तिथे मोटार नाही, यांत्रिक करवत नाही, सायकल नाही. मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही.

हे चाक नसणं लक्षात ठेवा, कारण आता आपण आजच्या काळात आलोय आणि तुमची सगळी तयारी त्याच्यावरच उभी आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज करायचा. राज्याचे क्षेत्रनिहाय विभाग आहेत, प्रत्येकात किती नर, किती माद्या मारायच्या हे कळपाची मोजणी करून ठरतं. तुम्ही मादीचा परवाना मागा. शिंगं भिंतीवर लावायची हौस असेल तर ती पुढे कधीतरी, पहिल्या खेपेला घरात मांस येणं महत्त्वाचं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा. विकत घेतलेल्या रायफलीवर आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने ११ टक्के कर बसतो, तो मुख्यतः वन्यजीव आणि त्यांच्या रानासाठी खर्च होतो. छाती, पाठ आणि डोकं झाकेल असा भडक नारिंगी किंवा गुलाबी पोशाख हवाच. एल्कला तो रंग माणसासारखा भडक दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

दोन दिवस आधी पोचा आणि काही करू नका. या उंचीवर पहिल्या रात्री डोकं ठणकतं, झोप लागत नाही. तंबू लावताना आधी मान वर करून बघा. १९३९ च्या वादळात इथली स्प्रूसची झाडं आडवी झाली, पडलेल्या खोडांत भुंगेरे माजले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी उभी झाडंही मारली. त्यातली काही राखाडी खोडं आजही उभी आहेत. वाऱ्याच्या रात्री ती पडतात.

मग वारा. खिशात बारीक पावडरची बाटली ठेवा आणि दर दहा पावलांना चिमूटभर उडवा. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, सूर्य कलला की थंड होऊन खोऱ्यात उतरते. म्हणून सकाळी तुम्ही जनावराच्या वर असायला हवं आणि संध्याकाळी खाली. डोळ्यांना एक वेळ चकवता येईल, नाकाला नाही. आपल्या रानातल्या जुन्या पारध्यांना हे शिकवावं लागलं नसतं.

आता वहीत हिशोब मांडा. मादी हाडांसकट शंभर किलोच्या आसपास मांस देईल. पाठीवर पंचवीस किलो घेतलेत तर चार खेपा. गाडीपासून साडेतीन किलोमीटर आत असाल तर चार वेळा भरलेलं, तीन वेळा रिकामं: साडेचोवीस किलोमीटर, त्यातले चौदा ओझ्याखाली, वाटेत आडव्या पडलेल्या खोडांवरून. हे जमणार नसेल तर तितकं आत जायचं नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: दुपारी तीननंतर लांब दरीत गोळी नाही. परवाना घेतलेल्या पाचांपैकी चौघे रिकाम्या हातांनी उतरतात, त्यात काही कमीपणा नाही. मांस वाया घालवणं मात्र इथे गुन्हा आहे, आणि मुद्दाम टाकून गेलं तर फार गंभीर गुन्हा.

चौथी सकाळ. पावडर तुमच्या तोंडाकडे परत येते, चांगलं आहे. गवताळ मोकळ्या जागेच्या कडेने सात माद्या रांगेने झाडीकडे निघाल्यात, पावलाखाली गोठलेलं गवत कुरकुरतंय. आडव्या खोडावर रायफल टेकवा. पाचवी थांबते, आडवी. पावणेदोनशे मीटर. बार.

ती तीस पावलं जाते आणि बसते. तुम्ही तिथेच अर्धा तास थांबा. हात थरथरतील, थरथरू द्या.

जवळ गेल्यावर आधी परवान्याचा टॅग. तारीख, सही, मग दोरीने गाठ. पोट फाडायचं नाही. कुशीवर लोळवा, कण्यावरून सरळ चीर द्या आणि कातडं पोटाकडे सोलत न्या. वाफ येते, बोटांना ऊब लागते. पुढचा फरा उचला: तो धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, सुरी काखेतून फिरवली की आपोआप हातात येतो. मागच्या तंगडीला खुब्याचा सांधा शोधावा लागतो. तिथे सुरीचं टोक घाला, कट्‌कन् आवाज होईल. ही तंगडी आधी मोकळी करा, कारण उष्णता हाडाजवळ सगळ्यांत जास्त वेळ कोंडते आणि मांस तिथूनच आंबतं. मादी असल्याची खूण म्हणून कासेचा तुकडा तंगडीला लागूनच राहू द्या, वाटेत अधिकारी बघेल. सगळं सुती पिशव्यांत भरून सावलीत, फांदीला टांगा.

शेवटी डोकं. कोलोरॅडोतल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे, त्याच्या तपासणीसाठी ते खाली न्यायचंय. बांधण्याआधी ओठ वर करा. दोन्ही दात जागेवर आहेत, नरापेक्षा लहान, तीच तपकिरी झाक. अंगठा त्यावरून फिरवा.

मग पहिली तंगडी पिशवीत घाला, पट्टे आवळा, गुडघ्यावर हात टेकून उठा. ढग खाली आलेत, थोड्या वेळात भुरभुर सुरू होईल. पाय जपून टाका. अजून तीन खेपा आहेत.