नागपुरातील लाकडी माडी : कारागीर, कंत्राट आणि दुरुस्ती

हल्ली नागपुरात नव्या बंगल्याच्या मागील अंगणात, गच्चीवर किंवा शहराबाहेरच्या फार्महाउसपुढे लाकडी फळ्यांचा एक उंचवटा बांधतात आणि त्यास 'डेक' म्हणतात. शब्द जहाजावरून आला; वस्तू मात्र या शहराला नवी नाही. महाल, इतवारी या भागांतील जुन्या वाड्यांच्या माड्या, सज्जे आणि ओसऱ्या अशाच फळ्यांवर पिढ्यानुपिढ्या उभ्या होत्या, काही आजही आहेत. दोहोंची बांधणी एका तत्त्वाची आणि दुखणीही एकच. पालटले आहे ते घरमालकाचे सुताराशी असलेले नाते. ते कसे पालटले आणि त्यामुळे घरमालकाच्या अंगावर कोणती नवी जबाबदारी येऊन पडली, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम बांधणी. जोत्यावर दगडी उथळे, उथळ्यावर सागाचा खांब, खांबांच्या माथ्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. यास आपण कडीपाट म्हणतो. पाटावर माती ठोकून बसवीत व वर सारवण करीत. माणसाचे ओझे पाटावरून कडीवर, कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर व भिंतीवर आणि तेथून जमिनीत उतरते. या साखळीतील एक दुवा सुटला की बाकीचे कितीही भक्कम असले तरी उपयोगाचे नाहीत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि वाडा किती खणांचा, हे सांगितले की त्याचा विस्तार कळे. लाकूड किती ताण घेईल याचा अनुभवसिद्ध हिशेब त्या एका शब्दात होता. तीन इंच रुंद व सहा इंच उंच कडी उभी बसविली तर आडवी बसविल्यापेक्षा दुप्पट ओझे पेलते आणि चौपट कमी लवते. उलट मधला खांब काढून खण दुप्पट केला तर तेवढ्याच दाटीच्या ओझ्याखाली तीच तुळई सोळा पट लवू पाहते. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून मधला खांब काढविणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता दुखणे. साग हे लाकडातले राजे लाकूड. जुन्या चांदा जिल्ह्याच्या रानातील, विशेषतः आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे, आणि दिल्लीच्या नव्या संसदभवनासाठीही सागवान नागपुराहून गेले. पण वाळवीला आणि कुजीला दाद देत नाही तो सागाचा गाभा. बाहेरचे पांढरे लाकूड आंब्याइतकेच कच्चे. विदर्भातील उन्हाळा फळ्यांना भेगा पाडतो आणि पावसाळा त्या भेगांत पाणी भरतो. तरीही उघड्यावर ओले होऊन वाऱ्यावर सुकणारे लाकूड फारसे कुजत नाही. कुजते ते भिंतीत शिरलेले कडीचे टोक. तेथे पाणी पोचते, वारा पोचत नाही. वरून पाट चकचकीत दिसतो आणि आत कडीच्या टोकाचा भुसा झालेला असतो. घर पाहावयास आलेला जाणता मिस्त्री म्हणूनच माडीच्या मध्यभागी नाचून पाहत नाही. तो कडीचे टोक भिंतीशी टोचून पाहतो.

हे टोचून पाहणारा माणूस पूर्वी कसा मिळे? गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर मोडो की दाराची चौकट निखळो, तो येई आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते नेई. या पद्धतीतील अन्याय आम्ही विसरत नाही. कारागिराला गाव सोडून भाव करण्याची मोकळीक तीत फारशी नव्हती. पण एक गोष्ट खरी, की ज्याने कडी बसविली त्याचाच मुलगा ती बदलावयास येई, आणि वाईट काम करून निघून जाण्यास त्याला जागा नव्हती. शहराचे गणित निराळे. नागपुरात भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीव कामाने भरलेला होता. असे काम ज्या शहरात उभे राहते, तेथे कसबी सुतारांना आश्रय असतो, हे सांगावयास नको.

तो आश्रय एका सहीने गेला. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले व १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच १८५४ साली त्याच डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते नव्याने उभे केले. हा योगायोग असेल, परंतु नागपूरच्या कारागिराच्या दृष्टीने एक धनी गेला आणि दुसरा आला, असाच त्याचा अर्थ. नवा धनी सुताराला ओळखत नव्हता. तो दरपत्रक, निविदा आणि कंत्राटदार ओळखत होता. पुढे १८६४ साली राजवाडा जळाला व नगारखाना तेवढा उरला. १८६७ साली आगगाडी आली आणि रानातल्या लाकडावर रेल्वेच्या स्लिपरांचा हक्क आधी लागू लागला. १८७२ साली कराराचा कायदा झाला. सुतार आता हजिऱ्यावर काम करणारा मजूर झाला आणि घरमालकासमोर मधला माणूस उभा राहिला : ठेकेदार.

आम्ही ठेकेदाराला दोष देत नाही. त्याच्यावाचून रेल्वे झाली नसती आणि कचेऱ्याही. पण सरकारी खात्याने कंत्राटाबरोबर कंत्राटावर नजर ठेवण्याची रीतही घडविली, ती खाजगी घरमालकाने उचलली नाही. खात्यात जे काम झाकले जाणार ते झाकण्यापूर्वी मोजून मोजणीवहीत लिहावे लागते. रकमेचा काही भाग अनामत म्हणून मुदत संपेपर्यंत मागे राहतो. घरमालक मात्र 'माडी दुरुस्त करून देणे, एकूण इतके रुपये' असा एका ओळीचा कागद करतो. माडी उघडल्यावाचून आत काय आहे हे देवालाही कळत नाही. तेव्हा आधी चार पाट उचलून पाहणी, आणि मग दर, हाच क्रम हवा. लाकूड कोणते, गाभ्याचे की पांढरे, सुकविलेले की ओले, कडीची रुंदी-उंची किती, भिंतीतील टोकाला वारा कसा मिळणार, हे कागदावर यावे. धीरा लावल्यावाचून कडी काढू नये, हेही. अशा प्रश्नांनी चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट खुलतो. ठेकेदार त्यांनी गडबडला तर त्याचेही उत्तर मिळालेच.

सर्वांत घातक दुरुस्ती बहुधा मोठ्या उत्साहाने केली जाते. पाटावरची चार इंच मातीच दर चौरस मीटरला सुमारे १७० किलो भरते. आणि राहत्या घराच्या जमिनीवर माणसे व सामान मिळून २०० किलोंचा भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. आता गळते म्हणून त्या मातीवर दोन इंच काँक्रीट ओतले, की आणखी १२० किलो चढले, आणि खालचे लाकूड कोंडले गेले ते निराळेच. आधी माती उतरवावी, मग बोलावे.

ही कथा केवळ जुन्या वाड्यांची नाही. अमेरिकेत घर घेतलेल्या नागपूरकरांच्या घरामागे डेक असतोच. तेथे १९९८ साली शिकागोत परवान्यावाचून बांधलेला लाकडी सज्जा २९ जून २००३ रोजी कोसळला आणि १३ माणसे गेली. १६ जून २०१५ रोजी बर्कले येथे सज्जा तुटून सहा तरुण विद्यार्थी दगावले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती, पण कोंडलेल्या पाण्याने कड्या भिंतीपाशी कुजल्या होत्या. महालातल्या वाड्यात जेथे मिस्त्री टोचून पाहतो, नेमकी तीच जागा. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ साली कायदा करून भाड्याच्या बहुमजली घरांच्या अशा सज्ज्यांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे ती तपासणी मृगाच्या आधी, वैशाखात करावी. लाकूड तेव्हा पूर्ण सुकलेले असते, भेगा उघड्या दिसतात आणि सुतारही बियाण्या-नांगराच्या गडबडीत नसतो. काम जेठ संपण्यापूर्वी उरकावे, आणि अनामत ठेवलेली रक्कम एक पावसाळा गेल्यावर, दसऱ्याला, कड्यांची टोके पुन्हा टोचून पाहून द्यावी.