मारिओ आणि सॉनिक आधी कुठे भेटले?

मारिओ आणि सॉनिक एकाच गेममध्ये पहिल्यांदा कधी आले, असं विचारलं तर बहुतेक जण २००७ सांगतात: 'मारिओ अँड सॉनिक अ‍ॅट द ऑलिम्पिक गेम्स'. उत्तर बरोबर आहे, पण ते कंपन्यांच्या बाजूने दिलेलं आहे. आज ही बाजू जरा तपासून बघू, कारण संशोधनाचा प्रश्न बरेचदा अशा गृहीत धरलेल्या गोष्टीतूनच निघतो.

आधी अधिकृत इतिहास. वेगवेगळ्या गेम-मालिकांतली पात्रं एकत्र आणली की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. १९८८ मध्ये कोनामीने 'वाई वाई वर्ल्ड'मध्ये आपल्याच गेममधली मंडळी जमवली. १९९४ मध्ये एसएनकेने 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये 'फेटल फ्युरी' आणि 'आर्ट ऑफ फायटिंग'चे लढवय्ये समोरासमोर आणले. १९९९ मध्ये निन्टेन्डोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' आला. या तिन्हींत घर एकच होतं. दोन घरांची पात्रं आणायची तर करार लागतो. तसा करार मार्व्हल आणि कॅपकॉममध्ये झाला, म्हणून १९९६ मध्ये 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' निघाला. सॉनिकच्या सेगाने २००१ मध्ये स्वतःची यंत्रं बनवणं थांबवलं. निन्टेन्डोशी असलेली ती स्पर्धा संपली, आणि मग २००७ शक्य झालं.

पण १९९४ मध्येच तैवानमध्ये 'सोमारी' नावाचा गेम निघाला होता. मैदान सॉनिकचं, धावतोय मारिओ! परवानगी कोणाचीच नाही. म्हणजे करार होण्याच्या तेरा वर्षं आधी ही कल्पना कोणीतरी प्रत्यक्षात आणली होती. क्रॉसओव्हरच्या अधिकृत यादीत मात्र याला जागा नसते.

आता नव्वदच्या दशकातल्या आपल्या उपनगरांत या. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी टीव्हीला जोडलेले व्हिडिओ गेम बहुतांशी निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होते. 'लिटल मास्टर', 'मीडिया' ही नावं अनेकांना आठवतील. त्यात घालायची ती 'कॅसेट'. चालली नाही की फुंकर मारायची! '९९९९९९ इन १' असं लिहिलेल्या कॅसेटच्या एकाच यादीत निन्टेन्डोचा मारिओ, कोनामीचा कॉन्ट्रा आणि नामकोचा बॅटल सिटी, म्हणजे आपला 'टँक', शेजारी शेजारी बसायचे. पार्लरमध्येही तेच. कॅपकॉमच्या १९९३ च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'ला पोरांनी त्यातल्या एका पात्राच्या नावावरून थेट 'मुस्तफा' करून टाकलं. गेम ओळखला जायचा तो पात्रावरून. कंपनी कोणती, हे विचारतंय कोण?

माझा मुद्दा इथे आहे. क्रॉसओव्हर म्हणायला आधी हद्द दिसावी लागते, आणि ही हद्द मालकीची आहे. ज्याच्या कॅसेटमध्ये मारिओ आणि कॉन्ट्रावाले शेजारी होते, त्या मुलासाठी त्यांची भेट ही हद्द ओलांडणं होतं का? की एकाच वाडीतल्या दोघांची गाठ पडावी इतकी साधी गोष्ट? म्हणजे आपण वापरतो ती संज्ञाच एका बाजूची असू शकते. विषय कुठलाही घ्या, पहिल्या प्रकरणात हे तपासा.

यावर काम करायचं असेल, तर साधनांबद्दल तीन गोष्टी. एक, कॅसेटची यादी खोटं बोलते. वेगळे गेम थोडेच असायचे, बाकी तेच गेम नाव किंवा सुरुवातीची लेव्हल बदलून पुन्हा. त्यामुळे आकड्यासाठी ती निरुपयोगी, पण कोणाच्या शेजारी कोण होतं, हे ती खरं सांगते. दोन, मुलाखतीत 'क्रॉसओव्हर' हा शब्द आपणहून वापरू नका. 'कोणाची कोणाशी मारामारी लावायचात?' असं विचारा. तीन, त्या व्यक्तीने नंतर 'स्मॅश ब्रदर्स' खेळलाय का, याची नोंद ठेवा. नंतरचं बघितलेलं आधीच्या आठवणीत सहज मिसळतं.

आणि हे लवकर करा. तेव्हाची मुलं आज चाळिशीत आहेत आणि माळ्यावरच्या कॅसेट पुनर्विकासाच्या आवराआवरीत भंगारात जातायत. कंपन्यांकडे आपापल्या गेमच्या नोंदी असतील. पण बिल्डिंगच्या जिन्यात बसून कोणी कोणाला कोणाशी लढवलं, ते आपणच विचारायला हवं.