काँक्रीट मॅथेमॅटिक्स

काँक्रीट मॅथेमॅटिक्स हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी १९७० मध्ये सुरू झालेला गणिताचा अभ्यासक्रम होय. त्यावर आधारित याच नावाचा ग्रंथ रॉनल्ड ग्रॅहम, डोनाल्ड कनूथ आणि ओरेन पताश्निक यांनी लिहिला. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, तर दुसरी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी

'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' ही ग्रंथमाला लिहिताना कनूथ यांना एक अडचण जाणवली. एखादी आज्ञावली किती पायऱ्यांत काम पूर्ण करील, हे ती चालवण्यापूर्वीच काढायचे तर लांबलचक बेरजा व सूत्रे हाताळण्याचे कौशल्य लागते. गणितात पीएच.डी. मिळवूनही त्यांना विद्यार्थिदशेत ते शिकवले गेले नव्हते. त्या काळी विद्यापीठीय गणिताचा कल अमूर्त संरचनांकडे होता. नव्या गणितामुळे आकडेमोडीचे सामर्थ्य क्षीण होत आहे, अशी टीका ब्रिटिश गणिती जॉन हॅमर्स्ली यांनी १९६८ मधील एका लेखात केली होती. कनूथ यांचा अभ्यासक्रम हा या त्रुटीवरचा प्रत्यक्ष उपाय होता.

नाव

'कंटिन्युअस' (संतत) या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि 'डिस्क्रीट' (विविक्त) या शब्दाची शेवटची पाच अक्षरे जोडली की 'काँक्रीट' शब्द तयार होतो. 'अमूर्त'च्या विरुद्ध 'मूर्त' हा अर्थही त्यात अभिप्रेत आहे. पहिल्या तासाला विषयाचे स्वरूप ऐकल्यावर स्थापत्य अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी मुकाट्याने उठून गेले, असे ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे; मराठी वाचकालाही हे नाव ऐकून प्रथम स्लॅबच आठवेल.

अध्यापनाची रीत

येथे सिद्धान्त आधी आणि उदाहरण नंतर, असा क्रम नाही. आरंभ तीन कोड्यांनी होतो: हनोईचा मनोरा, सरळ रेषांनी प्रतलाचे होणारे भाग आणि जोसेफसचा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नात वर्तुळात बसलेल्या व्यक्तींपैकी दर दुसरी व्यक्ती बाद होत जाते. शेवटी कोण उरेल, हे शोधायचे असते. दहा व्यक्ती असतील तर पाचवी उरते. विद्यार्थी लहान संख्यांची उत्तरे मांडतो: एकासाठी १, दोनसाठी १, तीनसाठी ३, चारसाठी १, पाचसाठी ३, सहासाठी ५, सातसाठी ७ आणि आठसाठी पुन्हा १. संख्या दोनाचा घात असली की उत्तर १ येते आणि पुढे ते दोन-दोनने वाढते, हे मग त्याच्या ध्यानात येते. गणिती विगमनाने सिद्धता त्यानंतरच द्यायची. हेच उत्तर द्विमान पद्धतीत लिहिले तर आणखी सोपे होते. १० म्हणजे १०१०. त्यातील पहिला १ उचलून शेवटी ठेवला की ०१०१, म्हणजे ५ मिळतात. सूत्र पाठ करून ही दृष्टी येत नाही. पद्धत संथ असली, तरी तिचे खरे मोल येथेच आहे.

पुढील प्रकरणांत बेरजा, पूर्णांक फलने, अंकसिद्धान्त, द्विपद सहगुणक, जनक फलने, विविक्त संभाव्यता इत्यादी विषय येतात. द्विपद सहगुणकांची मांडणी भारतीय वाचकाला पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील हलायुधाच्या टीकेतील मेरुप्रस्तारावरून परिचित असेल. आलेखसिद्धान्ताला मात्र स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे विविक्त गणिताच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकाची जागा हा ग्रंथ पूर्णपणे घेऊ शकत नाही.

स्वाध्याय व समासटिपा

ग्रंथात पाचशेहून अधिक उदाहरणे असून प्राथमिक सरावापासून अनुत्तरित संशोधन-प्रश्नांपर्यंत त्यांचे सहा वर्ग केले आहेत. उत्तरे परिशिष्टात दिल्याने एकट्याने अभ्यास करणाऱ्याचीही सोय होते. विद्यार्थ्यांनी लिहिलेले शेरे समासात छापले आहेत. त्यांत विनोद आहेत, तशा तक्रारीही आहेत. ग्रंथातील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचे बक्षीस लेखकांनी जाहीर केले. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतला एक डॉलर.