लांबत जाणारा दिवस

कामाचा दिवस किती तासांचा असावा, यावर आम्ही कामगार चळवळीतली माणसे आयुष्यभर भांडत आलो. परंतु खुद्द दिवसाची लांबीच बदलत असते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे माणसाचे सर्वांत जुने घड्याळ. ते मंदावत आहे, हे विद्वानांच्या गळी उतरावयास एकशे सत्तर वर्षे लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

१६९५ साली एडमंड हॅले याने जुन्या ग्रहणांच्या नोंदी तपासल्या आणि चंद्राची चाल वाढत असावी, अशी शंका काढली. पुढे १७५४ मध्ये घोड्यांचे चामडी साज शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा इमान्युएल कांट याने आपल्या गावच्या साप्ताहिकात लिहिले, की भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावत असली पाहिजे. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १७८७ साली लाप्लासने ग्रहांच्या ओढीवरून चंद्राच्या चालीचा सगळा हिशेब जुळवून दाखविला आणि प्रकरण मिटले. निदान मिटल्यासारखे झाले!

अमेरिकेतील शेतकऱ्याचा मुलगा विल्यम फेरेल याच्याविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो. खळ्याच्या रुंद दारांवर गवताच्या लोखंडी काट्याने आकृत्या कोरून तो भूमिती शिकला. शाळामास्तर असताना १८५३ मध्ये त्याने गणित मांडले, की भरतीमुळे पृथ्वी मंदावलीच पाहिजे. पण लाप्लासच्या हिशेबात त्याला जागाच नव्हती! तेव्हा पृथ्वी निवून आकसत असेल व त्याने तूट भरून निघत असेल, अशी तोड त्याने काढली. मोठ्या नावाचा दरारा असा असतो.

गंमत अशी, की त्याच वर्षी इंग्लंडात अॅडम्सने लाप्लासची चूक दाखविली. त्याच्या कारणाने चंद्राची वाढ जवळजवळ निम्मीच भरून निघत होती. पॅरिसमध्ये पोंटेकुलाँ आणि ल व्हेरिए यांनी कडाडून विरोध केला, पण त्याच पॅरिसच्या दलोनेने स्वतंत्रपणे गणित करून अॅडम्सचाच आकडा खरा ठरविला. उरलेली बाकी भरतीची, हे मग १८६४ मध्ये फेरेलने आणि १८६५ मध्ये दलोनेने सांगितले. (हा दलोने १८७२ साली शेरबुर्गजवळ समुद्रातच बुडून मेला.)

आता हे घडते कसे? चंद्राच्या ओढीने समुद्र फुगतो. चंद्राला एका फेरीस सत्तावीस दिवसांवर लागतात, पृथ्वी मात्र दिवसात एकदा फिरते, म्हणून ती हा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे नेते. चंद्र त्याला मागे खेचतो, तो पृथ्वीच्या चाकाला ब्रेक होय. उलट फुगवटा चंद्राला पुढे खेचतो. पृथ्वीच्या फिरण्यातून जे वजा होते ते चंद्राच्या खाती जमा होते, आणि तो दूर सरकतो. दूर गेल्यावर तो खरे तर हळू चालतो. मग हॅलेला तो वेगाने चालताना का दिसला? कारण पृथ्वीचे घड्याळ त्याहून अधिक मागे पडते. गिरणीचे घड्याळ मागे पडू लागले, की वेळेवर येणारा कामगारही लवकर आल्यासारखा दिसतो, तसेच हे.

पुढे पुरावे मिळत गेले. १९६३ मध्ये जॉन वेल्सने सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांवरील बारीक रेषा मोजल्या, तेव्हा वर्षाचे सुमारे ४०० दिवस भरले, म्हणजे दिवस बावीस तासांच्या आसपास. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर किरण परत येतात. त्यांवरून चंद्र दरसाल ३.८ सेंटिमीटर दूर जातो, असे कळते.

दिवस मात्र शतकात दोन सहस्रांश सेकंदही वाढत नाही. हे क्षुल्लक वाटेल, पण तूट रोज साठते. इसवी सनापूर्वी १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या विटांवर आहे. दिवस तेव्हापासून आजच्याइतकाच असता, तर ती सावली सुमारे ४९ अंश पश्चिमेस पडावयास हवी होती. एवढ्या काळात घड्याळात सव्वातीन तासांचा फरक पडला आहे.