जुन्या विमानांची छावणी (एअरव्हेंचर ऑशकॉश)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे दरवर्षी जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या ‘एअरव्हेंचर’ या विमान मेळाव्यात जुनी विमाने उभी करण्यासाठी व त्यांच्या वैमानिकांना मुक्कामासाठी राखून ठेवलेले गवताळ मैदान म्हणजे जुन्या विमानांची छावणी होय. वैमानिक स्वतःचे विमान चालवत येथे येतो, नेमून दिलेल्या जागी ते बांधतो आणि त्याच्याच पंखाखाली किंवा शेजारी तंबू ठोकून राहतो. अशा, सहभागी मंडळी आपापल्या विमानाने येतात त्या मेळाव्यास ‘फ्लाय-इन’ म्हणतात.

पार्श्वभूमी

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन (ईएए) ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी मिलवॉकी येथे भरलेला पहिला मेळावा अगदी लहान होता. १९५९ मध्ये तो इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे आणि १९७० मध्ये ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर गेला. आता त्या आठवड्यात येथे व आसपासच्या विमानतळांवर मिळून सुमारे दहा हजार विमाने उतरतात. जुन्या विमानांसाठी संस्थेची स्वतंत्र शाखा १९७१ मध्ये सुरू झाली. तीच आज व्हिंटेज एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने ओळखली जाते. ‘रेड बार्न’ हे लाल रंगाचे कोठारवजा घर म्हणजे मेळाव्यातील तिचे ठाणे.

कोणते विमान जुने मानावे, याची व्याख्या तारखांवर ठरते. ३१ ऑगस्ट १९४५ पर्यंत बांधलेली विमाने ‘अँटिक’, त्यानंतर १९५५ अखेरपर्यंतची ‘क्लासिक’ आणि १९५६ ते १९७० मधील ‘कंटेम्पररी’ गणली जातात. पहिली सीमारेषा दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीशी जुळते. लष्करी विमाने आणि घरी बांधलेली विमाने यांची मैदाने वेगळी आहेत.

आगमन व जागावाटप

नैर्ऋत्येकडील रिपन गावापासून वैमानिक लोहमार्गावर नजर ठेवून फिस्क या छोट्या वस्तीपर्यंत एकामागोमाग येतात. ठरलेला वेग ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किमी) असतो. ज्या जलद विमानांना एवढ्या कमी वेगाने उडणे शक्य नसते, त्यांच्यासाठी वरच्या उंचीवर १३५ नॉटचा मार्ग आहे. फिस्क येथे जमिनीवर उभे असलेले नियंत्रक विमानाचा रंग व प्रकार सांगून त्याला पुकारतात आणि वैमानिक पंख हलवून उत्तर देतो. संवाद कमीत कमी ठेवण्याची ही युक्ती इतकी साधी आहे, की एवढ्या गर्दीचा भार ती पेलते याचे नवल वाटते.

उतरल्यावर वैमानिक समोरच्या काचेत मोठ्या अक्षरांची पाटी धरतो. ‘व्हीएसी’ म्हणजे जुने विमान, मुक्कामासह. ‘व्हीएपी’ म्हणजे केवळ उभे करण्यासाठी. पाटी पाहून स्वयंसेवक त्याला योग्य रांगेकडे वळवतात. शेपटीला चाक असलेल्या विमानाचे नाक जमिनीवर वर उचललेले असते, त्यामुळे वैमानिकाला समोरचे दिसत नाही. त्याला नागमोडी वळणे घेत पुढे जावे लागते. पंखांच्या टोकांशी चालणारी माणसे येथे अक्षरशः त्याचे डोळे होतात.

विमान बांधणे

या छावणीतील सर्वांत गंभीर काम हेच आहे. १९३८ ते १९४७ या काळात तयार झालेले पायपर जे-३ कब हे येथे नेहमी दिसणारे विमान रिकामे असताना जेमतेम ३५० किलोग्रॅम वजनाचे असते, तर त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटरांहून अधिक भरते. पूर्ण भारासह ते ताशी सुमारे ६० किमी वेगापर्यंत हवेत तरंगू शकते. रिकामे असल्यास त्याहूनही कमी वेग पुरतो. त्यातच शेपटी खाली असल्याने उभ्या विमानाचे पंख वाऱ्याला तिरपे, म्हणजे जवळजवळ उड्डाणाच्याच स्थितीत सामोरे जातात. उन्हाळी वादळातील झोत हा वेग सहज ओलांडतो. अशा वेळी न बांधलेले विमान वैमानिकाविना उचलले जाते आणि शेजारच्या विमानावर आदळते.

म्हणून दोन्ही पंख व शेपटी अशा तीन ठिकाणी दोर बांधून ते जमिनीतील मेखांना अडकवतात. मेखा व दोर वैमानिकाने स्वतः आणायचे असतात. दोर फार सैल असल्यास विमानाला हिसके बसतात आणि फार ताणल्यास सांगाड्यावर भार येतो. सुकाणू व इतर हलणारे भागही अडकवून ठेवावे लागतात, नाहीतर वाऱ्याने आपटून त्यांच्या बिजागऱ्या निकामी होतात. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातील लेकलँड येथील ‘सन ’एन फन’ मेळाव्यावर चक्रीवादळ आदळले, तेव्हा अनेक विमानांची मोडतोड झाली.

मेख कितीही चांगली असली तरी ओल्या मातीत तिची पकड ढिली पडते. २०१० मध्ये मेळाव्यापूर्वीच्या पावसाने ऑशकॉशची मैदाने इतकी चिखलमय झाली, की येणाऱ्या अनेक विमानांना जवळच्या विमानतळांवर थांबावे लागले. ते वर्ष वैमानिकांनी गमतीने ‘स्प्लॉशकॉश’ असे नोंदवून ठेवले आहे.

मुक्काम व संकेत

छावणीत उघडी शेकोटी पेटवता येत नाही आणि विमानांच्या रांगांत धूम्रपानास मनाई आहे. कारण उघड आहे: अनेक जुन्या विमानांवर कापडी आवरण असते आणि ते ताणून धरण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे नायट्रेट लुकण अतिशय ज्वालाग्राही असते. प्रेक्षक रांगांमधून हिंडू शकतात. मात्र मालकाच्या परवानगीविना विमानाला हात लावू नये, हा संकेत कसोशीने पाळला जातो. बोटाच्या दाबानेही जुने कापड फाटू शकते. उत्तम जीर्णोद्धारासाठी ‘लिंडी’ पारितोषिके दिली जातात. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या नावावरून ती ओळखली जातात.

परतीच्या दिवशीही घाई चालत नाही. विद्युत यंत्रणा नसलेल्या विमानाचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागते. त्यासाठी चाकांना अडसर लावतात, जाणकार व्यक्तीला आत बसवतात आणि शक्यतो शेपटीचा दोर सर्वांत शेवटी सोडतात.