इयरफोनचं रबर

"काका, पाचशेच्या आत चांगला इयरफोन कुठला?"

दर दिवाळीला घरातलं कोणी ना कोणी मला हे विचारतंच. यंदा धाकट्या पुतण्याची पाळी होती. मी म्हटलं, "डबीत रबराचे किती जोड येतात ते बघ आणि घे." त्याला वाटलं काकाने टाळलं. टाळलं नव्हतं रे! पण उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आता बैठक मारून लिहितोय. यात तुझे आजोबाही येणार आहेत, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

मुळात कानाला लावून ऐकायचं यंत्र चैनीसाठी निघालंच नाही. आवाज इतका क्षीण असायचा की दुसरा इलाज नव्हता. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि १९१० च्या सुमारास तिथल्या आरमाराला पाठवले, बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. आपल्याकडे २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. त्या काळातला स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी ना वीज. अँटेनात हवेतून जेवढी ताकद येईल तेवढ्यावरच तो बोलणार, आणि तेवढ्याने कर्णा काही वाजत नाही. म्हणून हेडफोन. म्हणजे गरिबाने कानाला लावून ऐकायचं आणि श्रीमंताचा रेडिओ सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जायचा. आज बरोबर उलट झालंय. स्वस्तातल्या मोबाइलचा स्पीकर अख्ख्या डब्याला ऐकावा लागतो आणि महागडेवाले कान बंद करून बसलेले असतात!

आमच्या सफाळ्याच्या घरी हे यंत्र पहिल्यांदा आलं ते बाबांच्या ट्रान्झिस्टरबरोबर. एकाच कानाचं, मळकट पांढरं, कडक प्लास्टिकचं बोंड. परदेशातल्या मॅचची कॉमेंट्री रात्री ऐकताना घर जागं होऊ नये म्हणून बाबा ते लावायचे. मी एकदा हट्ट करून लावून पाहिलं. डासाच्या पोटात माणूस बोलतोय असा आवाज. आणि अर्ध्या तासात कान असा दुखायला लागला की कोण आउट झालं याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही. बाबा मात्र तासन्‌तास ऐकायचे. "सवय होते," म्हणायचे. हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा.

मग वॉकमन. सोनीने तो १ जुलै १९७९ ला जपानात आणला, किंमत ३३ हजार येन. सगळे वॉकमनचं कौतुक करतात, पण माझ्या मते खरी करामत त्याच्या हेडफोनची होती. तोवरचे चांगले हेडफोन तीन-चारशे ग्रॅमचे असत, हा पन्नासेक ग्रॅमचा. डोक्यावर काही आहे हेच विसरायला व्हायचं. आणखी एक गंमत म्हणजे त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल असं कंपनीच्या अकिओ मोरिता यांना वाटलं होतं. शिवाय एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाणं हळू होऊन दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या मॉडेलांमधून हे सगळं गेलं, कारण लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं. आमच्या गल्लीत वॉकमन आला तो गल्फहून परतलेल्या शेजाऱ्यांबरोबर, नारिंगी स्पंजवाला. आम्ही पोरं ओळीने उभी राहून एकेक कडवं ऐकायचो.

१९८२ मध्ये सोनीनेच कानाच्या पाळीत अडकणारी छोटी चकती काढली. पुढची वीस-पंचवीस वर्षं 'इयरफोन' म्हटलं की तीच. २००१ मध्ये आयपॉडबरोबर आली ती पांढरी चकती, एफएमवाल्या मोबाइलबरोबर फुकट आली ती काळी. फोनमधल्या एफएमला तर ती जोडावीच लागायची, कारण तिची वायर हीच अँटेना! माझ्या नोकरीची पहिली वर्षं या चकतीवर गेली.

आता थोडं आमच्या प्रवासाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. त्याआधी आमची सगळी मदार शटल, मेमू आणि थांबतील त्या पॅसेंजरवर. बाबा सफाळ्याहून बोईसरला जायचे, तारापूर एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कारखान्यात. मी उलट दिशेने विरार आणि पुढे मुंबई. भाजीच्या पाट्या, टाळ घेतलेली भजनी मंडळी, दारात लटकलेली पोरं, आणि या सगळ्यात कानात चकती घालून मी. सफाळे सुटलं की वैतरणा खाडीवरचे ९२ आणि ९३ नंबरचे पूल येतात. त्या लोखंडावर गाडी चढली की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही, तिथे गाणं कुठलं? मग अंगठा आपोआप आवाजाच्या बटणावर. पूल संपला तरी आवाज खाली करायचं कोणाच्या लक्षात राहतंय!

यामागचं साधं कारण मला फार उशिरा कळलं. चकती कानाच्या नळीला बंद करत नाही, नुसती तोंडाशी टेकते. बाजूच्या फटीतून दोन गोष्टी होतात. तबल्याचा बायाँ, बेस गिटार, पखवाज असले खालच्या पट्टीतले आवाज फटीतून बाहेर गळून जातात. आणि त्याच फटीतून गाडीची घरघर आत येते, जी बरीचशी खालच्या पट्टीतलीच असते. म्हणजे जे गळालं तेच नेमकं गाडीने झाकलं. आपण आवाज वाढवतो तेव्हा बायाँ येतच नाही, वाढतात त्या झांजा आणि 'स', 'श'. कान फाटतो, समाधान होत नाही.

आवाजाचं गणितही जरा निर्दयी आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतील असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि शंभरला पाव तास. जागतिक आरोग्य संघटनेचा हेडफोनवाल्यांसाठीचा हिशेब याहून कडक आहे, ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास. माझा रोजचा जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास होता. गुणाकार तुम्हीच करा.

पुलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या दोन पुलांच्या मधे वाढीव नावाचं गाव आहे, खाडीने वेढलेलं. तिथली माणसं वर्षानुवर्षं स्टेशन गाठायला रेल्वेच्या पुलावरूनच चालत आली. एका बाजूने खाडीचा वारा, खाली पाणी, आणि पुढून-मागून केव्हाही गाडी. त्यात जीव गेलेत. मी दारात उभा राहून गाणी ऐकायचो आणि पुलावर ती माणसं अंग चोरून उभी दिसायची. एकाच्याही कानात कधी काही दिसलं नाही. तिथे कान हेच सिग्नल.

असो. रबराकडे येतो.

हे रबर करमणुकीच्या धंद्यातून आलेलं नाही, ते आलं कारखान्यातून आणि कानाच्या दवाखान्यातून. चिमटीत दाबून बारीक करायचं, कानात सरकवायचं आणि मग ते हळूहळू फुगून नळी बंद करतं, असं पिवळ्या फोमचं बोंड १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. कामगारांचे कान वाचवण्यासाठी. पुढे मीड किलियन या श्रवणशास्त्राच्या संशोधकाने १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. ऐकू येण्याची चाचणी घेताना बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी त्या फोमच्या मधोमध नळी घालून त्यातून आवाज सोडला. आणि १९९१ मध्ये तीच कल्पना वापरून गाणी ऐकण्यासाठी ईआर-४ काढला. आत बसवलेलं ध्वनियंत्रही श्रवणयंत्रांच्या घराण्यातलंच. कानात खोल जाणाऱ्या सगळ्या इयरफोनचा हा आजोबा. किंमत शेकडो डॉलर, म्हणजे आपल्या कामाचा नाही.

आपल्यापर्यंत ही कल्पना पोचली ती सिलिकॉनच्या टोपीतून. २००५-०६ च्या सुमारास क्रिएटिव्हचा ईपी-६३० माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांकडे होता. मी लॅमिंग्टन रोडवरून सातशेच्या आसपास घेतला. बायको दोन दिवस बोलली नाही, पण तो विषय वेगळा. डबीत रबराचे तीन जोड होते, लहान, मधले, मोठे. मी मधले घालून पाहिले आणि हिरमुसलो. पत्र्याच्या डब्यातला आवाज. आठवडाभराने सहज म्हणून मोठे लावले आणि अक्षरशः खुर्चीतून उठलो. कुठून आला हा बायाँ? यंत्र तेच, गाणं तेच, बदललं होतं फक्त काही पैशांचं रबर. नळी बंद झाली की आत चमचाभराच्याही आत हवा उरते, ती हलवायला एवढीशी पडदीही पुरते. दुसऱ्या दिवशी पुलावर गाडी चढली आणि माझा अंगठा बटणावर गेलाच नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की स्वस्तातल्या इयरफोनमध्ये 'आवाज चांगला' आणि 'कानाला सुखाचा' हे दोन प्रश्न नाहीतच. नीट बसलेला असेल तरच तो चांगला वाजतो, आणि दुखत असेल तर माणूस तो अर्धवट बाहेर ओढतो की लगेच फट पडते. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. तोटेही आहेत. चणे खाताना डोक्यात गिरणी चालते, वायर शर्टाला घासली की तीही ऐकू येते (वायर कानावरून मागे घेतली की बरंच कमी होतं). आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामट रबर तासन्‌तास आत राहिलं तर कानात बुरशी धरते. रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, सुकू द्या. आणि रस्त्यावर, रुळांजवळ तर अजिबात नको. २०१६ मध्ये आयफोनने भोक बुजवलं आणि मग सगळीकडे बिनवायरीची लाट आली, हजाराच्या आत ढीगभर देशी-परदेशी नावं झाली. पण बॅटरीचं वजन आता कानाबाहेर लोंबतं, त्यामुळे रबराचं काम वाढलंच आहे.

आता बाबा.

मागांच्या शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज ही रोजची गोष्ट. तेव्हा आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादाच नव्वदची होती, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या रोगांच्या यादीत होता. बाबांच्या शेडमध्ये सगळे कापसाचे बोळे घालायचे. कापसाने फारसं काही अडत नाही. तपासणी असली की पिवळी बोंडं वाटली जायची. बाबा ती न वापरता घरी आणायचे. घातली तर सुपरवायझर काय ओरडतोय ते ऐकू येत नाही म्हणून. लहानपणी आम्ही ती दाबून फुगताना बघत बसायचो. तीच ती, किलियनसाहेबांनी मधून नळी घातलेली! कपाटाच्या खणात अजून चार असतील.

बाबा निवृत्त झाल्यावर टीव्हीचा आवाज वाढत गेला. "सात", "हात", "भात" त्यांना सारखेच ऐकू यायला लागले. आई चिडायची, "अहो, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय!" मी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. तिथल्या ताईंनी त्यांच्या कानात पिवळा फोम सरकवला, मधे नळी असलेला. बाबा तो हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग कागदावर आलेख आला. चार हजार हर्ट्झपाशी रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. आवाजाने गेलेल्या कानाची हीच सही असते म्हणे. गेलेलं परत येत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

श्रवणयंत्राची किंमत माझ्या इयरफोनच्या पुढे दोन शून्यं लावून झाली. ताईंनी एक डबी उघडली. आत सिलिकॉनच्या टोप्या, लहान, मधल्या, मोठ्या.

"हे तुझ्या इयरफोनचं रबर ना रे?" बाबा म्हणाले.

परत येताना पालघरहून गाडी पकडली. केळवे रोड गेल्यावर बाबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "गाडी एवढी वाजते?" मी म्हटलं, "बाबा, पहिल्यापासूनच." सफाळ्याला उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले, यंत्र काही काढलं नाही.

पुतण्याला शेवटी साडेचारशेतला वायरवाला घेऊन दिला. डबीत तीन जोड होते. त्याच्या उजव्या कानाला मधलं लागलं, डाव्याला लहान.